ट्रायकोकार्ड टांगण्याआधी : वासावर चालणाऱ्या माशीकडून शिकलेलं

जुन्नर-आंबेगावात टोमॅटोचा हंगाम असो की उसाची लागण, चार शेतकरी बसले की बोलणं अळीवर येतंच. कोणतं औषध लागू पडलं, कोणतं वाया गेलं, दुकानदाराने या खेपेला काय हातात ठेवलं, याची उजळणी होते. माझं काम या बोलण्याच्या पलीकडच्या बाजूचं आहे. मी ट्रायकोकार्डं तयार करते आणि नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या भागांतल्या शेतकऱ्यांना पुरवते.

कार्ड म्हणजे जाड कागदाची पट्टी. तिच्यावर कॉर्सायरा नावाच्या, साठवणीतल्या धान्यावर वाढणाऱ्या पतंगाची सुमारे २० हजार अंडी गोंदाने चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांच्या पोटात ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची माशी. शेतात बाहेर पडली की ती किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, मग त्यातून अळी निघतच नाही, निघते ती दुसरी ट्रायकोग्रामा. शेतकरी मला नेहमी विचारतात, "ताई, एवढ्या मोठ्या फडात हिला पतंगाची अंडी दिसतात कशी?" या कामात मी जे शिकले ते सगळं याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. तिचा शोध मुख्यतः वासावर चालतो. वासाचा रस्ता शेतात असेल तर कार्डाचे पैसे वसूल होतात, नसेल तर २० हजार माश्या दोन-चार दिवसांत मरून जातात.

१. खवल्यांचं मोल ओळखा

आमच्याकडे भरडलेल्या ज्वारी-मक्यावर कॉर्सायरा वाढवतात. दीड महिन्याच्या आसपास पतंग बाहेर पडू लागले की ते गोळा करून जाळीच्या भांड्यात सोडायचे आणि खाली पडलेली अंडी चाळून, ब्रशने साफ करून घ्यायची. या कामात पंखांवरचे खवले इतके उडतात की नाकाला कापड बांधल्याशिवाय खोलीत उभं राहवत नाही. बाईमाणसं शिंकून बेजार होतात. पुष्कळांना वर्षानुवर्षांच्या या धुळीने दम्यासारखा त्रास होतो, म्हणून मास्कच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

हेच खवले ट्रायकोग्रामाचा वाटाड्या आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे जो लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या कणसावरच्या अळीचे पतंग घेऊन हे शोधलं. पतंगाच्या खवल्यांमध्ये ट्रायकोसेन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो आणि त्याचा वास लागला की ट्रायकोग्रामा अंडी शोधायला लागते, हे १९७३ साली प्रसिद्ध झालं. मादी पतंग अंडी घालायला पानावर टेकते तेव्हा चार खवले तिथे गळतात. इकडून तिकडे भरभर चालणारी ट्रायकोग्रामा तिथे आली की तिचा वेग कमी होतो, ती वळणं घेत त्याच जागेभोवती फिरते आणि पानाचा तेवढा तुकडा पिंजून काढते. खवले नसलेल्या पानावर ती थांबत नाही. पाठवणाऱ्याचं नुकसान आणि घेणाऱ्याचा फायदा करणाऱ्या अशा गंधाला शास्त्रज्ञ १९७० पासून कैरोमोन म्हणतात.

यावरून कार्डाची वेळ ठरते. शेतात पतंग उडायला लागलेले नसतील तर पानावर खवले नाहीत, अंडीही नाहीत. कार्ड आधी टांगलं तर फुकट आणि अळ्या दिसायला लागल्यावर टांगलं तरी फुकट, कारण ट्रायकोग्रामाला अळीशी काही देणं-घेणं नसतं. म्हणून मी कार्ड देण्याआधी विचारते, कामगंध सापळा लावला आहे का? त्यात पतंग पडायला सुरुवात झाली की कार्डाची वेळ झाली. शेतकऱ्यांना वाटतं मी माल विकायला टाळाटाळ करते. पण वेळ चुकलेलं कार्ड विकण्यापेक्षा ते न विकलेलं बरं. एकदा त्याचा गुण आला नाही की तो शेतकरी मित्रकीटकांचं नावही काढत नाही, आणि त्याचं पाहून त्याची सगळी आळीही.

२. रात्रीचा गंध सकाळपर्यंत पानावर राहतो

पतंगाची मादी रात्री नराला बोलवायला कामगंध सोडते. ट्रायकोग्रामा मात्र दिवसा फिरते. मग रात्रीच्या निरोपाचा तिला काय उपयोग? नेदरलँड्समध्ये कोबीवरच्या पतंगावर काम करताना याचं उत्तर मिळालं. तो गंध पानाच्या मेणचट थरात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू सुटत राहतो. मादी जिथे रात्री बसली होती, त्याच्या आसपास तिची अंडी असण्याची शक्यता जास्त. ट्रायकोग्रामा तेवढ्यावर काम भागवते.

तिच्या एका बहिणीची गोष्ट याहून नवलाची आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराचा नर मीलनाच्या वेळी मादीला एक गंध लावतो, म्हणजे दुसरे नर तिच्याजवळ येत नाहीत. ट्रायकोग्रामा ब्रासिकी ही माशी नेमका तोच गंध ओळखून मीलन झालेल्या मादीच्या अंगावर चढून बसते, तिच्याबरोबर उडत कोबीच्या पानापर्यंत जाते आणि फुलपाखराने अंडी घातली की उतरून त्या अंड्यांवर आपलं काम करते. नीना फातुरोस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे दाखवून दिलं. हे वाचल्यापासून कार्डावरच्या काळ्या ठिपक्यांकडे पाहताना मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

३. खाल्लेलं झाड हाक मारतं

गोठ्यासाठी घास कापताना जो हिरवा वास येतो तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पान कुठेही फाटलं की तो लगेच सुटतो, मग विळा असो की गाईचं तोंड. अळीने खाल्लेल्या झाडातून मात्र काही तासांनी एक वेगळाच वास निघू लागतो. १९९० साली टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी मक्याच्या रोपांवर हे सिद्ध केलं. अळीने कुरतडलेली रोपं जे गंध सोडतात, त्यावर कोटेशिया नावाची परोपजीवी माशी खेचली जाते. नुसतं ब्लेडने ओरखडलं तर तसं होत नाही. पण ओरखड्यावर अळीची लाळ लावली की रोप तोच गंध सोडतं. पुढे १९९७ मध्ये त्या लाळेतला पदार्थही सापडला, त्याचं नाव व्हॉलिसिटिन. म्हणजे आपल्याला कोण खातंय हे झाडाला कळतं, आणि झाड त्या अळीच्या वैऱ्याला बोलावतं.

लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्याकडे मक्यात शिरली तेव्हा हे ज्ञान फार उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. जनावरांसाठी मका करणाऱ्या घरी गेले की मी पोंग्यातली विष्ठा बाजूला करून अळ्या बघते. पुष्कळदा एखादी अळी मलूल पडलेली असते आणि तिच्याजवळ तांदळाच्या दाण्यासारखा पांढरट रेशमी कोष चिकटलेला दिसतो. ही अळी अजून जिवंत असते, पाय हलवते, पण खात नाही. कोषातली माशी तिच्या पोटातून बाहेर पडलेली असते. झाडाने हाक मारली आणि ती ऐकणारं कुणीतरी त्या शिवारात होतं, याचा तो पुरावा. शेतकरी त्या कोषाला किडीचं अंडं समजून चिरडायला निघाला की मी हात धरते.

सगळे वाण सारखी हाक मारत नाहीत, ही यातली काळजीची गोष्ट. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटकसंशोधन केंद्रात २०११ मध्ये दिसलं की खोडकिड्याच्या पतंगाने नुसती अंडी घातली तरी मक्याचे काही जुने गावरान वाण परोपजीवी माश्यांना बोलावणारा गंध सोडतात, तर तपासलेल्या संकरित वाणांत ती क्षमता आढळली नाही. तो खोडकिडा मूळचा आपल्या बाजूचा, आपल्याच ज्वारी-मक्यावरचा. इथून आफ्रिकेत गेलेला. उत्पन्नासाठी निवड करता करता झाडाचा आवाज आपण बसवला असेल, तर बियाणं निवडणाऱ्यांनी या गुणाकडेही बघायला हवं. आपल्या विद्यापीठांनी गावरान मका आणि ज्वारी या दृष्टीने तपासावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.

४. हरभऱ्यात ट्रायकोकार्ड टांगू नका

रब्बीत घाटे अळीसाठी कार्ड मागायला लोक येतात. मी देत नाही. कारण प्रत्येकाच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माहीत असतं, फक्त त्याचा संबंध कुणी लावलेला नसतो. पहाटे हरभऱ्यावरून पांढरं धोतर किंवा फडकं फिरवलं की त्यात आंब उतरते. पोटदुखीवर ती अजूनही देतात. ही आंब म्हणजे पानांवरच्या बारीक केसांतून पाझरणारं आम्ल. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या 'इक्रिसॅट' संस्थेत रोमाइस आणि शॅनोवर यांनी घाटे अळीच्या परोपजीवींवर बरंच काम केलं. तूर आणि हरभरा या दोन्ही पिकांवर ट्रायकोग्रामाची डाळ शिजत नाही, असं त्यातून पुढे आलं. तुरीच्या शेंगेवरचे चिकट केस आणि त्यांचा गंध तिला अडवतो, हरभऱ्यावर आंब अडवते. अंडी समोर असतात, पण तिथवर चालत जाणं त्या जिवाला झेपत नाही.

एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हरभऱ्याचा वाली कोण?" वाली आहे. कॅम्पोलेटिस नावाची जरा मोठी माशी लहान घाटे अळीतच अंडं घालते आणि तिला आंबेची अडचण होत नाही. ती विकत मिळण्याची वाट बघू नये. डिसेंबरात हरभऱ्याच्या शेंड्यांवर तिचे करडे-काळपट कोष दिसतात. ते दिसले तर फवारणी लांबवता येते.

टोमॅटोच्या पानांवरही चिकट ग्रंथींचे केस असतात. तिथे ट्रायकोग्रामा काम करते, पण उसातल्यापेक्षा जास्त माश्या सोडाव्या लागतात. उसात हेक्टरी ५० हजारांची मात्रा सांगतात, टोमॅटोत ती एक लाखापर्यंत जाते. त्याचं एक कारण हे केस आहेत.

५. कीड सांगा, मग माशी

उसाच्या खोडकिड्याला ट्रायकोग्रामा किलोनिस. पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या बाजूच्या भात खाचरांत खोडकिड्याला जॅपोनिकम. २०१४ मध्ये महाराष्ट्रात दिसलेल्या टोमॅटोच्या नागअळीला, म्हणजे टुटाला, आणखी वेगळ्या जाती. प्रत्येकीची वासाची ओळख वेगळी. 'द्या कुठलंही' म्हणणाऱ्याला कार्ड देऊ नये.

६. उपाशी माशी दुसऱ्याच वासामागे जाते

१९९० मध्ये लुईस आणि ताकासू यांनी मायक्रोप्लायटिस या माशीला दोन वेगळे वास शिकवले, एक खाद्याबरोबर आणि एक अळीबरोबर. मग त्यांना दिसलं की पोट भरलेली माशी अळीच्या वासाकडे जाते, उपाशी माशी खाद्याच्या वासाकडे. शिकण्याची तिची तयारी इतकी चांगली की पुढे जॉर्जियातच या माश्यांना ठरावीक वास शिकवून त्यांच्याकडून तो ओळखून घेणारं एक लहानसं यंत्रही तयार करण्यात आलं.

आपल्या शिवारात याचा अर्थ सरळ आहे. चारी बाजूंना मल्चिंग, बांध तणनाशकाने जाळलेला आणि कुठेही फूल नाही, अशा शेतात माश्या सोडल्या तर त्या आधी मधाच्या शोधात लागतात. ओतूर-नारायणगावच्या कोथिंबिरीला बाजार पडला की लोक ती नांगरून टाकतात. माझं सांगणं असतं, दोन सऱ्या फुलावर येऊ द्या. कोथिंबीर, बडीशेप, गाजर यांची फुलं उघडी आणि उथळ असतात, एवढ्याशा तोंडालाही त्यांतला मध मिळतो. ज्यांच्याकडे हे होतं त्यांच्या टोमॅटोत मला काळी, म्हणजे आत ट्रायकोग्रामा असलेली, अंडी जास्त दिसतात. हे माझं निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, पण मी ते छातीठोकपणे सांगते.

७. कार्ड कधी आणि कुठे

संध्याकाळी किंवा अगदी सकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, पट्ट्या कापून सगळीकडे. उन्हात नको. मुंग्यांच्या वाटेवर तर नकोच.

८. सातगाव पठारावरच्या टणक अळ्या

आंबेगावचं सातगाव पठार म्हणजे खरिपातला बटाटा. तिथे शेतात आणि नंतर साठवणीत पाकोळीची अळी बटाटा पोखरते. हिच्यासाठी दक्षिण अमेरिकेतून आलेली कोपिडोसोमा ही माशी आहे, आणि मला या सगळ्या खात्यातली ती सर्वांत अद्भुत वाटते. ती पाकोळीच्या अंड्यात एकच अंडं घालते. पाकोळीची अळी नेहमीसारखी निघते, खाते, वाढते. आत मात्र त्या एका अंड्याची फूट पडत पडत तीस-चाळीस जुळी भावंडं झालेली असतात. शेवटी अळी संपते आणि तिची कातडी आतल्या कोषांनी ठासून भरते. बटाटे निवडताना अशी अळी हातात घेऊन पाहा. ती मऊ नसते, वाळलेल्या काडीसारखी टणक लागते, रंग गवती, आणि कातडीवर आतल्या कोषांचे उंचवटे स्पष्ट दिसतात. निवडताना बायका ती किडकी म्हणून चुलीत टाकतात. ती एका अळीच्या बदल्यात तीस-चाळीस माश्या देणार असते. ती जाळीच्या डब्यात ठेवून शेताच्या कडेला ठेवावी.

वासाचा धडा इथे उलट्या बाजूनेही लागू होतो. पाकोळी बटाट्याच्या वासावर येते, म्हणून साठवणीच्या ढिगावर घाणेरीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरायला सांगतात. तो थर उग्र वासाने तिला लांब ठेवतो. घाणेरी बांधोबांध फुकट वाढलेली आहे.

९. चोरावर मोर

परोपजीवीचेही परोपजीवी असतात, आणि तेही वासावरच येतात. परोपजीवी माशीचं पिल्लू पोटात असलेली अळी कोबी खाते तेव्हा कोबीचा गंध बदलतो. तो बदललेला गंध ओळखून दुसरी माशी पहिलीच्या कोषावर अंडी घालायला येते, हे २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे मित्रकीटक एकदा सोडले म्हणजे काम झालं, असं कधीच नसतं. दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा सोडायला सांगतात.

१०. औषध माशीला मारत नाही, तेव्हाही बिघडवतं

शेतकरी विचारतात, "हलकं औषध मारलं तर चालेल ना? माश्या तर मरत नाहीत." जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग विद्यापीठात २०१७ मध्ये नासोनिया या परोपजीवी माशीला इमिडाक्लोप्रिड इतक्या थोड्या मात्रेत दिलं की ती मरणार नाही. ती जगली, पण तिला नर-मादीचा गंध नीट कळेना आणि यजमान शोधण्याची तिची घ्राणशक्तीही कमी झाली. पांढरी माशी आणि मावा यांच्यासाठी हेच औषध आपल्याकडे सर्रास वापरलं जातं. वास हरवलेली माशी शेतात उडताना दिसते म्हणून ती कामाची आहे असं समजू नये. कार्ड आणि अशा फवारणीत किमान आठवड्याचं अंतर ठेवा, आणि कार्ड टांगल्यानंतर तर पंप हातात घेऊच नका.

या हंगामात पहिली फवारणी ठरवण्याआधी एवढं करा. उसात पानाच्या मागच्या बाजूला खोडकिड्याची चपटी, एकावर एक रचलेली अंडी शोधा. टोमॅटोत शेंड्याकडची पानं आणि कळ्या बघा. किडीचं ताजं अंडं पिवळट-पांढरं असतं. एकसारखं, चकचकीत काळं दिसणारं अंडं म्हणजे ट्रायकोग्रामा आत आहे. काळी अंडी निम्म्याहून जास्त असतील तर त्या आठवड्याची फवारणी थांबवा आणि पुन्हा जाऊन बघा. काय दिसतं ते शेजारच्या शेतकऱ्यालाही दाखवा, कारण माश्या बांध ओळखत नाहीत आणि त्याच्या फवारणीचा वारा तुमच्या शेतात येतो.